सेकंदाचा चोविसावा भाग

या सदरातले अनुभव मी दर वेळी वाचतो आणि खरं सांगतो... हसण्यासाठी वाचतो. पिंपळाखाली उभी असलेली बाई, मागून ऐकू येणारी पैंजणं, एकाच वळणावर पुन्हा पुन्हा येणारी मोटारसायकल! वाचून झालं की बायकोला मोठ्याने ऐकवतो आणि आम्ही दोघं मिळून लेखकाच्या चुका काढत बसतो. आमच्या घरात भुताखेतांना पहिल्यापासून मज्जाव. आम्ही बौद्ध. वडील रेल्वेत गँगमन होते, दर पौर्णिमेला विहारात जायचे आणि घरी आल्यावर सांगायचे, "जे तपासता येत नाही त्याच्यापुढे मान वाकवायची नाही." पुढे मी धंदाही असा निवडला की ज्यात डोळ्याला दिसेल तेच खरं — फोटोग्राफीचा.

परवा बायको म्हणाली, "दुसऱ्यांच्या चुका खूप काढल्या. आता छबूची गोष्ट लिहा आणि लोकांना तुमच्या काढू द्या." म्हणून लिहितोय. चूक सापडली तर जरूर कळवा. मी तीस-पस्तीस वर्षं शोधतोय, मला सापडलेली नाही.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. जळगावात नवी पेठेच्या मागच्या बाजूला एक टॉकीज होतं. नाव सांगत नाही, मालकांची मुलं अजून गावात आहेत. टॉकीजच्या भिंतीला लागून माझा फोटो स्टुडिओ. लग्नाचे, पासपोर्टचे फोटो काढायचो, पण बाराही महिने चालणारं काम म्हणजे टॉकीजच्या स्लाइडा. मध्यंतरात पडद्यावर जाहिराती दाखवायचे ना — साडीचं दुकान, कपाशीचं बियाणं, पीव्हीसी पाइप — त्या काचेच्या स्लाइडांवरची अक्षरं माझी. अक्षर बरं होतं. लोक समोसा खाताना ती अक्षरं बघायचे आणि समोसा संपला की विसरायचे, हे मी स्वतः मागे उभं राहून पाहिलेलं आहे. जाहिरातीने माणूस हलतो यावर माझा तेव्हाही फारसा विश्वास नव्हता, पण ते गिऱ्हाइकाला कशाला सांगा!

स्लाइडा वर केबिनमध्ये नेऊन द्यायच्या, म्हणून नानांची ओळख. नाना म्हणजे टॉकीजचे ऑपरेटर. मूळचे धरणगावकडचे, पन्नाशी ओलांडलेले, पंचवीस वर्षं त्याच केबिनमध्ये. त्या काळी प्रोजेक्टरमध्ये बल्ब नसायचा. दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यात ठिणगी पाडायची, तिचा उजेड. कांड्या जळून आखूड व्हायच्या, म्हणून बाजूची मूठ फिरवून त्या सारख्या जवळ आणाव्या लागायच्या. जरा दुर्लक्ष झालं की पडदा काळवंडायचा आणि खालून शिट्ट्या सुरू! त्यामुळे शो चालू असताना नाना मशीन सोडून कुठे म्हणजे कुठे जायचे नाहीत. तुटलेली फिल्म जोडताना केव्हातरी पात्याने त्यांचा डावा अंगठा चिरला होता. जखम भरली, पण अंगठ्याच्या पोटावर एक आडवी रेघ कायमची राहिली. ही रेघ लक्षात ठेवा.

आमची चांगली गट्टी होती. एकाच किटलीतला चहा, आणि माझ्या डब्यातली कळण्याची भाकरी तर नाना हक्काने अर्धी काढून घ्यायचे. त्यांची एकुलती एक मुलगी शोभा, घरात छबू. लहानपणापासून शाळा सुटली की ती थेट केबिनमध्ये. बाप रीळ गुंडाळायचा तेव्हा ही स्टुलावर उभी राहून कार्बनची मूठ फिरवायची. मला काका म्हणायची.

या छबूने मिलिंदशी लग्न केलं. मिलिंद आमच्यातला. म्हणजे बौद्ध. मुलगा सोन्यासारखा, धुळ्याला एका सूतगिरणीत नोकरीला. पण नानांच्या भावकीने धरणगावला बैठक बोलावली आणि भर बैठकीत नानांकडून वदवून घेतलं — मुलीला पत्र लिहिणार नाही, निरोप धाडणार नाही, तिच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. नाना बोलून आले. छबूने निघताना आईला एवढंच सांगितलं, "नाना बोलावतील तेव्हाच येईन."

मला राग आला. नुसता आला नाही, डोक्यात गेला. माझ्या डब्यातली भाकरी यांना चालते आणि आमच्यातला जावई चालत नाही? चार महिने मी केबिनची पायरी चढलो नाही. स्लाइडा खाली डोअरकीपरकडे ठेवून निघून यायचो. मग एके दिवशी नाना स्वतःच खाली आले, माझ्या दुकानासमोर उभे राहिले आणि किटलीतला चहा दोन कपांत ओतला. मी प्यायलो. माफ केलं असं नाही, पण प्यायलो.

मी छबूला एक कार्डही टाकलं होतं, येऊन जा म्हणून. तिचं उत्तर आलं — "काका, नानांनी सांगितलंय का? सांगितलं असेल तर तसं लिहा. नसेल तर माझ्यासाठी खोटं लिहू नका." असं लिहिल्यावर पुढे काय लिहिणार, कप्पाळ?

दोन वर्षं अशीच गेली. मग अक्का, म्हणजे छबूची आई, आजारी पडल्या. पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करावं लागेल आणि लांबवू नका. अक्का तयार होईनात. मी भेटायला गेलो तर खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. अंगावर मांस उरलं नव्हतं, आवाज मात्र ठणठणीत.

"भाऊ, पहिले मनी पोर देखानी शे माले. मंग डॉक्टर काय करे ते करो."

"मी आजच धुळ्याची गाडी पकडतो अक्का. आई आजारी आहे म्हटल्यावर ती धावत येईल."

"नही." त्यांनी लसणाचं ताट बाजूला ठेवलं. "मना दुखनानं सांगानं नही. दुखनाकरता उनी तर दुखनं सरनं का चालनी जाई. दार बंदनं बंद. बाप बलावई, तव्हयच ये म्हनो."

म्हणजे दुखण्यासाठी आलेली पोर दुखणं सरलं की परत जाणार आणि दार बंदच राहणार, असं त्यांचं म्हणणं. बाईने दुखणंच पणाला लावलं होतं. बापाने मुलीला बोलवायचं, नाहीतर ऑपरेशन नाही. माझ्याकडून शपथही घेतली, छबूला दुखण्याबद्दल काही कळवायचं नाही. आणि नाना? नाना मान खाली घालून केबिनमध्ये बसायचे. "शब्द देऊन बसलो फोटोवाले," एवढंच म्हणायचे. एक डॉक्टरची तारीख गेली, दुसरी गेली.

आता त्या जाहिरातीचं.

त्याच सुमारास एका जुन्या मासिकात मी वाचलं होतं — परदेशात कुठल्याशा थिएटरात सिनेमाच्या मध्येच एकेक क्षण "हे प्या", "ते खा" अशी अक्षरं दाखवली. इतकी झटकन की डोळ्याला दिसतच नाहीत. पण म्हणे मनाला दिसतात, आणि लोक उठून खरंच तेच विकत घेतात! मी ही गंमत चहा पिताना सांगितली आणि आमचा कॅन्टीनवाला गोटूशेठ ताडकन उभाच राहिला. त्याला दुसऱ्याच दिवशी "चहा प्या" पाहिजे होतं.

सिनेमात एका सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. त्यांतलं एक आपलं घालायचं, बस्स. मी कागदावर झोकात लिहिलं, माझ्या कॅमेऱ्याने फोटो काढला, नानांनी ते एक चित्र कापून रिळात जोडलं. आणि मी माती खाल्ली! फिल्म तीच असली तरी फोटोच्या कॅमेऱ्यात ती आडवी सरकते आणि चित्र फिल्मच्या कडेच्या आठ भोकांएवढं रुंद पडतं. सिनेमात ती उभी सरकते आणि चित्र चार भोकांचं. म्हणजे आमचा "चहा प्या" आडवा पडला आणि मध्येच कापलाही गेला. स्लाइडा रंगवणाऱ्या फोटोवाल्यानेच करावी अशी चूक. दुपारच्या शोला मी आणि गोटूशेठ मागे उभे. पडद्यावर काहीतरी लुकलुकल्यासारखं झालं. मध्यंतरात किटली जशी गेली तशी परत आली. मुतारीपाशी मात्र नेहमीपेक्षा मोठी रांग होती. गोटूशेठ आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

आम्ही हसून विषय सोडून दिला. नाना मात्र हसले नव्हते. दोन दिवसांनी चहा ओतता ओतता म्हणाले,

"फोटोवाले, सरळ उभं पडेल असं करता येतं का?"

"येतं की. कॅमेरा उभा धरायचा आणि अर्ध्या भागातच लिहायचं. का? गोटूने पुन्हा गळ घातली?"

नानांनी कप खाली ठेवला. "हाई पिक्चर येत्या शुक्रवारी धुळ्याले जाई. आपली रिळांची पेटी तठेच जास. छबूला ठावकं शे. आपल्याकडनं उतरलेला पिक्चर ती सोडाव नही. जावयाला..." इथे ते अडखळले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तो शब्द आला होता. "जावयाला बुधवारी सुट्टी. तीनच्या शोला जाती."

हे त्यांना कसं माहीत, ते मी विचारलं नाही. जो माणूस निरोप धाडत नव्हता, तो एवढी चौकशी मात्र ठेवून होता.

"चोवीस चित्रं जातस. त्यामा एक आपलं. कोनले दिसनार नही. भावकीले बी नही. पत्र नही, निरोप नही. जे कोनी देखंच नही, त्याले निरोप कसा म्हनशात?"

काय डोकं लढवलं होतं! मी म्हणणार होतो, नाना, हे थोतांड आहे. साधा चहा विकला गेला नाही याने. सरळ धुळ्याला जा आणि पोरीला हाक मारा, भावकी काय फासावर देणार आहे? पण त्यांचे डोळे पाहिले आणि माझी हिंमत झाली नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या गोष्टी पडद्यावर दाखवणारा माणूस, त्याला स्वतःची एवढीशी गोष्ट सांगायला सेकंदाचा चोविसावा भाग पुरे होता.

मी लिहिलं. पांढऱ्या जाड कागदावर, काळ्या शाईने, त्यांच्या बोलीत — "छबू, घर ये." नानांनी कागद वाळवायला हातात धरला आणि शाई लागलेला डावा अंगठा खालच्या कोपऱ्यात उमटला. रेघेसकट. मी वैतागलो, "सगळं परत लिहावं लागणार आता!"

"राहू द्या," ते म्हणाले.

कॅमेऱ्यातल्या रोलच्या शेवटी तीनच फोटो उरले होते. तीन काढले. दोन हलले, एक लख्ख आला. निगेटिव्ह असल्यामुळे पडद्यावर ते उलटं दिसलं असतं — काळ्यावर पांढरी अक्षरं आणि कोपऱ्यात पांढरा अंगठा. तो एक तुकडा दोन्ही बाजूंना थोडी जास्त फिल्म सोडून कापला, बटर पेपरात गुंडाळला आणि नानांच्या हातात दिला. ठरलं असं की शेवटून दुसऱ्या रिळात, गाण्यानंतर तो जोडायचा. शुक्रवारी सकाळी रिळांच्या पत्र्याच्या पेट्या एसटीच्या टपावर चढताना मी स्वतः पाहिल्या.

पुढचा बुधवार आला आणि गेला. माझा विश्वास नव्हताच, तरी दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. तीन वाजता उगाचच घड्याळ बघितलं... आणि स्वतःवरच चिडलो.

गुरुवारी दुपारी सव्वाबाराची वेळ. मी दुकानात एका मुलाची पासपोर्टसाठी मान सरळ करत होतो आणि दारातून आवाज आला,

"काका, नाना वरच आहेत ना?"

छबू! कडेवर वर्षाचं पोर, खांद्याला पिशवी, एसटीच्या धुळीने केस पांढुरके झालेले. मी त्या गिऱ्हाइकाला तसाच बसवून बाहेर आलो. विचारलं, "अशी अचानक?"

"अचानक कशी? नानांनीच तर बोलावलं," ती म्हणाली. "पण असं का केलं त्यांनी? भर पिक्चरमध्ये स्लाइड लावली! मला तर इकडेतिकडे बघायची लाज वाटली."

"स्लाइड?"

"पिक्चर थांबवून लावली ना. काळी स्लाइड आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात — छबू, घर ये. मी दोनदा वाचली. अक्षर तुमचं, ते मी कुठेही ओळखेन. आणि कोपऱ्यात नानांचा अंगठा, रेघेचा." तिने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. "अंगठा पाहिला आणि मग मला बसवेना. मिलिंदला म्हटलं, उठ. तो म्हणतो, काय झालं, पिक्चर तर चालू आहे, स्लाइड कुठली? त्याला दिसलीच नाही, काका. शेजारी बसला होता."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला भीतीबिती काही वाटली नाही. उलट आनंदाने नाचावंसं वाटलं. चालला की हो प्रयोग! चहा विकला गेला नाही तर नाही, पण पोरगी आली! एक चोविसांश सेकंद दिसलेलं कोणाला दोनदा वाचता येत नाही, हे मनात आलं होतं. पण मी ते झटकून टाकलं. केबिनमध्ये वाढलेली मुलगी, तिचे डोळेच तसे तयार असतील, असं म्हटलं.

आम्ही जिना चढलो. बाराचा शो चालू झाला होता. नाना मशीनपाशी, आमच्याकडे पाठ. मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं... आणि तसेच राहिले. मूठ हातातून सुटली. खाली पडदा काळवंडत चालला, पहिली शिट्टी आली, दुसरी आली. शेवटी म्हणाले काय, तर —

"छबू, कार्बन देख जरासा."

छबूने पोर माझ्या हातात दिलं, पिशवी खाली टाकली, पुढे झाली आणि मूठ फिरवली. पडदा उजळला. शिट्ट्या थांबल्या. बाप भिंतीला टेकून सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत होता आणि मुलगी मशीन सांभाळत ढसाढसा रडत होती. ते पोर माझा चष्मा ओढत होतं. मीही रडत होतो, हे सांगायला आता मला लाज वाटत नाही.

अक्कांचं दुखणं तिला घरी गेल्यावरच कळलं. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. धरणगावहून भावकीतले दोघं जाब विचारायला आले होते. त्यांना अक्कांनी हॉस्पिटलच्या खाटेवरूनच असं काही झापलं की ते केळी पिशवीतून काढून ठेवून मुकाट्याने परत गेले. अक्का पुढे अकरा वर्षं जगल्या, दोन्ही नातवंडं त्यांच्या मांडीवर मोठी झाली.

गोष्ट इथे संपली असती तर मी जन्मभर सगळ्यांना तो प्रयोग फुशारकीने सांगत फिरलो असतो. पण अक्कांना घरी सोडायच्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात नाना माझ्या शेजारी येऊन बसले. खिशातून चष्म्याचं घर काढलं, त्यातून बटर पेपरची घडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

आत तोच फिल्मचा तुकडा होता, "छबू, घर ये"ची ती फ्रेम.

"लाई नही," नाना म्हणाले. "रीळ काढं, पातं हातमा लिधं... मना हात धजना नही. गोटूची गंमत वेगळी. दुसऱ्यांच्या पिक्चरमा आपलं रडगाणं कसाले जोडानं?"

मी ती फ्रेम उजेडात धरली. फिल्म जोडायची म्हणजे दोन्ही टोकं पात्याने खरवडावी लागतात आणि त्यांवर सोल्युशन लावावं लागतं. खरवडलं की ती जागा पुन्हा कधी पहिल्यासारखी होत नाही. या तुकड्याची दोन्ही टोकं कोरी होती, मी कापली तशीच. अक्षरं जागेवर. कोपऱ्यातला अंगठा जागेवर. ही फ्रेम कधीच कुठल्या रिळात नव्हती. हे मी नानांच्या शब्दावर विसंबून सांगत नाही, माझ्या धंद्याच्या भरवशावर सांगतोय.

दुपारची वेळ, व्हरांड्यात माणसांची वर्दळ, समोर केळीवाला ओरडतोय... आणि मी त्या तुकड्याची टोकं पुन्हा पुन्हा बोटाने चाचपत होतो.

नंतर मी गप्प बसलो नाही. सरळ धुळ्याला गेलो. तिथल्या ऑपरेटरला गाठलं. तो म्हणाला, बुधवारी तीनचा शो विनाअडथळा झाला, मध्ये पिक्चर थांबवला नाही, स्लाइड लावली नाही. आणि कुठल्या तरी छबूची स्लाइड तो लावेलच कशाला? मिलिंदला विचारलं, त्याने शपथेवर सांगितलं की पडद्यावर काही नव्हतं, ही एकदम ताठ बसली आणि रडायला लागली एवढंच त्याने पाहिलं. अक्कांनी कोणाकडून कळवलं असेल म्हणावं, तर अंगठा उमटला तेव्हा खोलीत मी आणि नाना दोघंच होतो. दुसरी प्रत म्हणावी, तर हललेले दोन्ही फोटो माझ्याकडे पाकिटात आहेत, आजही. आणि सगळ्यात जास्त छळणारी बाब म्हणजे आम्ही ती जागा ठरवली होती शेवटून दुसऱ्या रिळात. छबूला दिसलं ते मध्यंतराच्या जरा आधी.

पुढे केव्हातरी वाचनात आलं की परदेशातला तो प्रसिद्ध प्रयोगही म्हणे बनावच होता, लपलेल्या अक्षरांनी कोणी काही जास्त विकत घेतलं नव्हतं. आता मात्र कोणी विचारलं की अशा छुप्या जाहिरातींनी माणसावर खरंच परिणाम होतो का हो, तर माझी पंचाईत होते. आमच्या टॉकीजमध्ये चारशे माणसांसमोर जी अक्षरं खरोखर गेली त्यांनी एक कप चहा खपला नाही. आणि जी कधी गेलीच नाहीत त्यांनी एक घर उघडलं. यातून काय सिद्ध होतं, तुम्हीच सांगा.

नव्वदीच्या मध्याला टॉकीज बंद पडलं. घरोघरी केबल आली होती, खुर्च्या रिकाम्या राहायच्या. मशीन काढून न्यायला माणसं येणार होती, त्या दिवशी सकाळी नानांनी मला वर बोलावलं. ते मशीनवरून फडकं फिरवत होते, जसं काही दुपारी शो आहे. छबू धुळ्याहून येऊन माझ्या दुकानात अक्कांजवळ बसली होती. मी म्हटलं, आज विचारून घेऊ, पुन्हा ही जागा राहायची नाही.

"नाना, त्या बुधवारी तीनच्या शोला तुम्ही काय करत होतात?"

त्यांनी फडकं मशीनवर ठेवलं. मग पडदा दिसायच्या त्या लहानशा खिडकीपाशी गेले. खाली हॉल रिकामा होता.

"मध्यंतरले थोडा टाइम व्हता," ते म्हणाले. "ती पट्टी हातमा धरी व्हती. आते छबू तठे बशेल व्हई, असं मनमा उनं. पट्टी लाई नही, हाई माले खायी ऱ्हायंथं. मंग..."

"मग काय?"

"मंग मी बोलनू." नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "दोन वरीसमा पहिल्यांदा, मोठ्याने. छबू, घर ये. दोनदा बोलनू. मी म्हन्तं, बोलानं तर बोली ल्यो. मशीनना एवढा आवाज... कोनले आयकू जास?"